मृत्यू मी वाचत नाही, काकी

१

सकाळी मी दूध तापत ठेवते आणि भिंतीपलीकडे अश्वजित सुरू करतो, "आजचा दिनविशेष." आधी घटना, मग जन्म, मग मृत्यू. त्याचे जन्म संपेपर्यंत दूध वर येतं, मृत्यू सुरू होताना मी गॅस बंद करते. इतकी सवय झाली आहे.

अश्वजित म्हणजे शेजारच्या मीनाचा मुलगा. वीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पळून येतो, अंघोळ करतो, आणि मोबाईलवरचा दिनविशेष मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचलं की डोक्यात बसतं, असं त्याच्या क्लासच्या सरांनी सांगितलं आहे. आमच्या दोन घरांत भिंत एकच. तीही पार कौलांपर्यंत गेलेली नाही, वर हातभर फट आहे. त्यामुळे मीनाच्या घरी फोडणी कसली पडली, फोन कुणाचा आला, हे मला न विचारता कळतं. विचारलेलंही चालतं म्हणा. गल्लीत मला सगळे चौकशी खिडकी म्हणतात. म्हणू देत. माणसाने माणसाची चौकशी करायची नाही तर काय गुराढोरांची करायची?

मी मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या वाडीवरची. सातवी झाले आणि लग्न होऊन महाडात आले. पुढची शाळा आता या वयात भिंतीवरून चालली आहे. माणूस चंद्रावर कधी गेला ते मला माहीत आहे. बँका सरकारजमा कधी झाल्या तेही. वीस मार्चला अश्वजित जरा जास्तच मोठ्याने वाचतो, "एकोणीसशे सत्तावीस, महाड, चवदार तळ्याचा सत्याग्रह," आणि मग मीना पांढरी साडी नेसून तळ्यावर जायला निघते. त्या दिवशी मी ओट्यावर पाण्याचा माठ भरून ठेवते. बाहेरगावची माणसं येतात, कुठून आलात, किती जण आलात, एवढं विचारूनच पाणी देते.

तर सांगायचं म्हणजे, घर चांगलं चाललं होतं. आमचे हे गेल्यापासून मी एकटी असते, पण एकटं कधी वाटलं नाही.

२

जुलैची चार तारीख होती. अश्वजित ओट्यावर बुटाला लागलेला चिखल काडीने काढत बसला होता. मी चहा नेऊन दिला. तो नेहमी बाहेरच घेतो, आत ये म्हटलं तरी येत नाही.

"काय रे," मी म्हटलं, "विवेकानंद म्हणजे चाळिशीसुद्धा न गाठता गेले? मला वाटायचं चांगले म्हातारे होऊन गेले असतील."

"हो, एकोणचाळीस वर्षांचे होते." मग तो थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच वाचलंस ना सकाळी. विवेकानंद, आणि ती रेडियमवाली बाई."

त्याने काडी खाली ठेवली. "मृत्यू मी वाचत नाही, काकी."

"चल, काहीतरीच."

"खरंच नाही वाचत. आईला चालत नाही. पुरापासून तिचं तसंच आहे. सकाळच्या पारी गेलेल्यांची नावं घ्यायची नाहीत म्हणते. मृत्यू मी मनात वाचतो."

तेवढ्यात मीना आतून ओरडली, "काय म्हणतेयस गो माधुरीताई?"

"काय नाय गो, तुझ्या पोराची परीक्षा घेते हाय."

"घे, घे. नापास झाला तर पाच उठाबशा काढायला लाव."

अश्वजित हसला नाही. चहा अर्धा ठेवून उठला, आणि जाताना त्याने माझ्या दारातून आत पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यावरून, वर.

३

आता मी काही लगेच घाबरणारी बाई नव्हे. मी म्हटलं, पोरगं विसरलं असेल. मनात वाचताना ओठ हलतात, आवाज निघतो, त्याचं त्यालाही कळत नसेल. नाहीतर पलीकडच्या गल्लीत आणखी कोणी भरतीचा पोरगा असेल. हल्ली घरटी एक आहे.

दुसऱ्या दिवशी मी दूध ठेवलंच नाही. भिंतीला कान लावून उभी राहिले. घटना झाल्या, जन्म झाले. अश्वजितचा आवाज आता भरदार झाला आहे, भिंतीपलीकडूनही कळतो. मग तो थांबला. त्याच्या मोबाईलचं बटण वाजलं, पातेल्यावर झाकण पडलं, मीना काहीतरी म्हणाली.

आणि मग कोणीतरी म्हणालं, "मृत्यू."

भिंतीतून नाही. माझ्या डोक्यावरून.

आमच्या घराला माळा आहे. महाडात नदीकाठच्या घरांना असतोच. तांदूळ, कागदपत्रं, गॅसची जादा टाकी, सगळं वर. आषाढ लागला की माळ्याची शिडी कोणी हलवत नाही, कारण सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरलं तर शिडी शोधायला वेळ नसतो. मीनाच्या घराला माळा नाही.

आवाज शिडी जिथे टेकते त्या माळ्याच्या चौकटीतून येत होता. वर्ष, नाव, कोण होते ते. वर्ष, नाव, कोण होते ते. अश्वजितचाच आवाज, त्याच्याच पद्धतीने, वर्षानंतर जरा थांबून. पण फाटका. मिसरूड फुटायच्या वयात पोरांचा आवाज मध्येच चिरकतो, तसा चिरकत होता.

मी स्वतःला समजावलं. भिंतीवर फट आहे, आवाज फटीतून माळ्यावर जातो, तिथे कौलांवर आपटतो, आणि पातळ होऊन खाली येतो. शाळेत प्रतिध्वनी म्हणून शिकवलं होतं. त्या दिवशी मी हे चार वेळा स्वतःला सांगितलं. पण जे शेजारी कोणी बोललंच नाही, त्याचा प्रतिध्वनी कसा येईल, याचं उत्तर सातवीच्या पुस्तकात नव्हतं.

४

एकवीस सालच्या बावीस जुलैच्या पुराचं इथे कोणाला सांगावं लागत नाही. तरी माझ्या घरातलं सांगते.

पाणी दिवसभर चढत होतं. तिन्हीसांजेला दाराच्या वर गेलं. मीना आणि अश्वजित केव्हाच माझ्या माळ्यावर आले होते, गल्लीच्या टोकाचा म्हातारा सोनबा आणि त्याची बायकोही. लाईट नाही, मोबाईलची बॅटरी सगळ्यांची संपलेली. कोण कुठे बसलंय ते आवाजावरून कळायचं.

तेव्हा अश्वजित दहावीचा. त्याला आठवलं की शाळेच्या दाखल्याची पिशवी घरात राहिली. मीना नको म्हणेपर्यंत तो शिडीवरून पाण्यात गेला होता. तिथून इथे दहा पावलं, पोहणारा पोरगा, मला वाटलं आलाच.

तो आला नाही. मीना चौकटीत पालथी पडून हाका मारत होती. खालून फक्त पाण्याचा आवाज, आणि कपाटं भिंतीवर आपटल्याचा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सोनबाने रडायला सुरुवात केली होती, एवढं आठवतं.

मग चौकटीच्या कडेवर हात आला. मी धरला आणि ओढला. तू कोण, असं विचारलं नाही. पुरात आमच्याकडे ते विचारत नाहीत. वर येणाऱ्या हाताला धरायचं, ओळखपाळख सकाळी. आधीच्या पुरात माझ्या सासूनेही असेच हात धरले होते.

"मिळाली का रे पिशवी?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

मीनाने त्याला पदरात घेतलं आणि पाणी उतरेपर्यंत सोडलं नाही. सकाळी आम्ही सगळे खाली उतरलो. चिखल काढायला आठवडा गेला. मग एके दिवशी तांदळाचं पोतं पाहायला मी वर गेले, तर माळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, पार भिंतीपाशी, ती दाखल्यांची पिशवी होती. ओली. शिडीच्या वरच्या पायऱ्यांपर्यंतही पाणी आलं नव्हतं.

तेव्हा मी म्हटलं, पोराने आणली असेल आणि घाबरून विसरला असेल. मीनाला पिशवी दिली. तिने घेतली आणि न उघडताच पदराखाली धरून घरी गेली.

५

दुपारी लख्ख उजेडात मी माळ्यावर चढले. पावसाने उसंत दिली होती. पोती, टाकी, ह्यांची ट्रंक. कोणी नाही. असणार तरी कोण? मी मोठ्याने म्हटलं, "कोण हाय रे?" माझाच आवाज मला आवडला नाही.

आतल्या कोपऱ्यात फळ्या ओल्या होत्या. वरचं कौल तपासलं, गळत नव्हतं. मी ओलीवर बोट टेकवलं आणि वास घेतला. पावसाच्या पाण्याला असा वास नसतो. पूर ओसरल्यावर घराघरातून जो येतो, तो होता. भिंतीवर, बसलेल्या माणसाची पाठ टेकते तेवढ्या उंचीवर, चुना गेला होता.

खाली उतरले तर अश्वजित दारात. उंबऱ्याच्या बाहेर.

"वर गेला होतात, काकी?"

"तांदूळ बघायला."

"तुम्हाला ऐकू येतं ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कोणी काही सांगू नये.

"मलाही येतं," तो म्हणाला. "वर फट आहे ना, मी तिच्या खालीच बसतो. आई आत स्वयंपाकात असते, तिला येत नसावं. मी जन्मावर थांबलो की तो पुढचं घेतो. आधी मोबाईलवर बघून पडताळायचो. एकही चुकत नाही."

"अरे, तू लहान होतास, भ्यायला होतास, ते मनात बसलंय. आपण पोलादपूरच्या डॉक्टरांना…"

"काकी, मला पुराच्या आधीचं काही आठवत नाही." हे तो इतक्या सरळ बोलला की मला आधी अर्थच लागला नाही. "तुमचा हात आठवतो. तुम्ही मनगटाला धरलंत, तुमच्या बांगड्या रुतल्या. त्याच्या आधी काही नाही. माझी शाळा, माझे बाबा, सगळं मला आईने सांगितलंय."

ओट्यावर पागोळ्या गळत होत्या. तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

"बावीस तारीख येतेय. त्या दिवशीचे मृत्यू तो वाचणार. त्यात माझं नाव घेतलं, आणि आईने ऐकलं, तर? मी कुठे जाऊ मग? आई मला घरात ठेवेल का?"

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले. मग हात तसाच राहिला. त्यालाही ते दिसलं. देवा, त्याला ते दिसलं, आणि तो म्हणाला, "राहू दे काकी. फक्त आईला कळू देऊ नका."

ज्या बाईच्या पोटात बोराएवढी गोष्ट राहत नाही, तिला पोराने हे सांगितलं.

६

पुढचे दिवस मी मीनाला सकाळी माझ्या घरापासून लांब ठेवलं. कधी म्हटलं उंदीर मेलाय, कधी म्हटलं पोट बिघडलंय. मृत्यूच्या वेळी मी मिक्सर लावायची. वीस जुलैला मिक्सरमध्ये काही नव्हतं, रिकामा फिरवला. तरी त्याच्या खालून ऐकू आलंच, "बटुकेश्वर दत्त, क्रांतिकारक." आवाज चौकटीच्या जवळ आला होता. आधी कोपऱ्यातून यायचा.

सुधीरचा, माझ्या मुलाचा, मुंबईहून फोन आला. "आई, नदी इशाऱ्याच्या वर गेलीय म्हणतात. इकडे ये ना थोडे दिवस."

"नको रे."

"तुझा आवाज असा का येतोय? कोण आहे घरात?"

"कोण असणार?" मी म्हटलं आणि माळ्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर मनात आलं, ते आणखी कोणाजवळ बोलता येईना म्हणून इथे लिहिते. त्या रात्री पाण्यातून दोघं वर आले असतील, तर खाली एकच उतरला. माझ्या हाताला जो लागला तो उतरला. ज्याला कोणाचा हात मिळाला नाही, तो आपला आपण चढून कोपऱ्यात जाऊन बसला असेल. अंधारात. आई हाताच्या अंतरावर, दुसऱ्याला पदरात घेऊन बसलेली.

यातलं कोण कोण, हे मी ठरवू शकत नव्हते. रोज सकाळी धावून येणारा, मला काकी म्हणणारा पोरगा मला हवा होता. एवढंच मला कळत होतं.

७

बावीसला उजाडलं तेच काळोखं. पाऊस एकसारखा. आणि लाईट नाही. मिक्सर नाही, टीव्ही नाही. मी ताट आणि पळी घेऊन ठेवली, वाजवायला.

भिंतीपलीकडे अश्वजितने सुरू केलं. त्याने सुरूच केलं नसतं तर, असं मला नंतर वाटलं. पण न वाचण्याचं धाडस त्याला झालं नसेल.

"आजचा दिनविशेष. बावीस जुलै. घटना. एकोणीसशे सत्तेचाळीस, संविधान सभेने तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला."

आणि माझ्या दारात मीना. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात वाटी.

"ताई, विरजण दे गो चमचाभर. माझं नासलं."

"नंतर ये, मीना. मी अंघोळीला निघाले हाय."

"विरजण द्यायला अंघोळ कशाला? कायतरीच तुझं." ती आत आली, पाटावर बसली. "रोज उंदीर, रोज पोट. मला काय समजत नाय व्हय?"

"जन्म," पलीकडून. "एकोणीसशे तेवीस, मुकेश, पार्श्वगायक." आवाज थरथरत होता. मग तो थांबला.

मी ताट उचललं. मीनाने माझं मनगट धरलं. घट्ट. ताट माझ्या हातातच राहिलं.

वरून आलं, "मृत्यू."

मीनाने वर पाहिलं नाही. ती शेगडीकडे बघत बसली होती, आणि तिचं तोंड अगदी शांत होतं.

"एकोणीसशे अठरा. इंद्रलाल रॉय, वैमानिक."

पाऊस. पलीकडे अश्वजितचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"दोन हजार एकवीस," वरचा आवाज म्हणाला. वर्षानंतर तो नेहमी थांबतो. पण आता थांबला तो थांबलाच.

मीना उठली. मी तिचा पदर धरला, तिने सोडवून घेतला. शिडीपाशी गेली. पोराला जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाली, "नको रे नाव घेऊस. मी हाय हितं."

माळ्यावर फळी वाजली. मग दुसरी, जवळची.

"आई," वरून आलं. चिरकून. "मी उतरू का?"

चौकटीतून शिडीच्या वरच्या पायरीवर पाऊल आलं. मी पाहिलं. फक्त पाऊल आणि घोट्यावर दुमडलेली शाळेची पँट. दिवसचे दिवस पाण्यात राहिल्यावर कातडी होते तसं पांढरं, सुरकुतलेलं, बोटांच्या बेचक्यात गाळ. आणि लहान. अश्वजितच्या बुटात ते पाऊल हललं असतं, इतकं लहान. चार वर्षांत वाढलंच नव्हतं.

"आई!" भिंतीपलीकडून अश्वजित ओरडला. भरदार आवाजाने, पण लहान मूल ओरडतं तसा.

मीना मध्ये उभी होती. एक हात शिडीवर, तोंड भिंतीकडे. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

"आई, उतरू?"

मीनाने डोळे मिटले.

"नको," ती म्हणाली. "थांब तिथंच, बाळा."

पाऊल थोडा वेळ पायरीवर राहिलं. मग वर गेलं, सावकाश. फळ्या वाजत वाजत कोपऱ्यापर्यंत गेल्या. पायरीवर ओलं उमटलं होतं, त्यातून एक थेंब खालच्या पायरीवर पडला.

"मी हाय रे, आले," मीना भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "विरजण घेते नि येते."

८

मी वाटीत विरजण घातलं. निम्मं खाली सांडलं. मीनाने पदराने पुसून घेतलं आणि निघून गेली. पलीकडे ती अश्वजितला काहीतरी बोलली, हळू, आणि तो रडला. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

दुपारी पाऊस जरा थांबला. मी सुधीरला फोन करायला मोबाईल हातात घेतला होता. येते म्हणून सांगणार होते, पहिल्या गाडीने. तेवढ्यात मीना परत दारात. पदराखाली झाकलेलं ताट.

"वर ठेवशील?" ती म्हणाली. "मला नाय चढवणार."

मी फडकं बाजूला केलं. गरम भात, आणि त्यावर सुक्या जवळ्याची चटणी, कांदा लाल परतलेला, खोबरं भुरभुरलेलं.

"त्याला लय आवडायचं," मीना म्हणाली. मग तिने भिंतीकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"ह्याला जवळा चालत नाय. पुराच्या दुसऱ्या दिवसापासनं."